उघडे दार म्हणजे दया नव्हे

मराठी माणसाने मांजराला म्हणींमध्ये जेवढी जागा दिली, तेवढी घरात दिलेली नाही. डोळे मिटून दूध पिणारे मांजर, गळ्यात घंटा बांधून घेणारे मांजर, वाटेत आडवे जाणारे मांजर आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. मात्र त्याने रात्री कुठे झोपावे, ते आजारी पडले तर डॉक्टरकडे कोणी न्यावे, त्याला पिल्ले झाली तर त्यांचे काय करावे, हे प्रश्न आपल्या घरांत क्वचितच विचारले जातात. गाय, शेळी, कोंबडी यांचा हिशेब ठेवला जातो. कुत्र्याला साखळी, ताटली आणि नाव मिळते. मांजर मात्र केवळ 'येते-जाते'.

अलीकडे हा प्रश्न टाळता येईनासा झाला आहे. वसई, विरार, भाईंदर, बोरिवली, ठाणे अशा ठिकाणी आपली अनेक कुटुंबे बैठ्या घरांतून इमारतींत राहायला आली. मुलांच्या हट्टापायी किंवा एकट्या पडलेल्या आजी-आजोबांना सोबत म्हणून मांजराचे पिल्लू घरी येते आणि दोन महिन्यांत घरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "मुक्या जिवाला कोंडून ठेवणे पाप आहे, त्याला मोकळे सोडा." दुसरा म्हणतो, "बाहेर गेले तर मरेल, आत ठेवा." वाद रंगतो, पण निकाल बहुधा आळसाच्या बाजूने लागतो आणि दार उघडेच राहते. प्रस्तुत लेखाचा रोख त्या उघड्या दारावर आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: आज आपण ज्या वस्तीत राहतो त्या वस्तीत पाळलेल्या मांजराची जागा घरात आहे, आणि ज्याला ते घरात नीट सांभाळता येत नसेल, त्याने मांजर पाळू नये.

जुन्या वाडीचा दाखला

मोकळ्या मांजराचे कैवारी पहिला दाखला देतात तो जुन्या वाडीचा. अंगणात वाळत घातलेले भात, माळ्यावरचे धान्य, पावसाळ्याच्या बेगमीसाठी भरून ठेवलेले सुके बोंबील आणि या सर्वांवर टपलेले उंदीर असे ते घर होते. त्या घरात मांजर हे शोभेचे नव्हते, कामकरी होते. माणूस आणि मांजर यांची सोयरीकच मुळी धान्याच्या कोठारापाशी जुळली असे संशोधक मानतात. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी एका माणसाशेजारी पुरलेले मांजर उत्खननात सापडले आणि २००४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. इतके जुने हे नाते आहे. तेव्हा 'मांजर बाहेरचेच' असे कोणी म्हटले, तर त्याला इतिहासाचा आधार नाही असे म्हणता येणार नाही.

हे सारे मान्य करूनही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. जुन्या वाडीविषयी बोलताना आपण तिची सोयीची तेवढीच बाजू आठवतो. त्या मांजराला किती वेळा पिल्ले झाली आणि त्यांतली किती वर्षभर जगली, याची नोंद कोणी ठेवली होती? बोके मारामारी करून फाटलेल्या कानांनी परतत. काही परततच नसत. 'गेले कुठेतरी' एवढ्यावर त्यांची कहाणी आटोपत असे. त्या काळी मांजर बाहेर होते, एवढे खरे. ते सुखी होते, हे मागाहून आपण ठरवले.

आणि ती वाडी तरी आज कुठे उरली आहे? २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून केळीच्या बागा, पानवेलींचे मळे आणि भाताची खाचरे यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. ज्या वाटेने बैलगाडी जाई, त्या वाटेवरून आज डंपर, टँकर आणि दुचाक्या धावतात. शेजारही पूर्वीचा राहिला नाही. वाडीत चार घरांचे मिळून एक मांजर असे आणि त्याच्या उपद्रवाबद्दल कोणी तक्रार केली, तरी ती बांधावरच मिटे. इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या मांजराने तळमजल्यावरच्या कुंडीत घाण केली की तो सोसायटीच्या सभेचा विषय होतो. शिवाय उंदरांसाठी जागोजागी विष पेरलेले असते. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर ते विष त्याच्याही पोटात जाते. परिस्थिती इतकी पालटल्यावर आजीच्या काळचा नियम आज लावणे म्हणजे आजीचा मान राखणे नव्हे.

पोत्यातील पिल्ले

उघड्या दाराविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा मात्र रस्त्यावरच्या अपघातांचा नाही. तो पिल्लांचा आहे. मांजरी चार ते सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. तिचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो. एका वेळी साधारण तीन ते पाच पिल्ले होतात आणि ती अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. ज्या मांजरीची नसबंदी केलेली नाही आणि जिला दार उघडे आहे, तिच्या घरी वर्षातून दोनदा, कधी तीनदाही बाळंतपण होते. पहिल्या खेपेला घरात कौतुक असते, मुले नावे ठेवतात. दुसऱ्या खेपेला शेजाऱ्यांकडे विचारणा होते. तिसऱ्या खेपेला एक पोते आणले जाते.

या पोत्याविषयी आपण मोठ्याने बोलत नाही, म्हणून येथे बोलणे अवश्य आहे. पहाटेच्या अंधारात मासळी बाजाराच्या मागे किंवा चर्चच्या आवाराच्या भिंतीपाशी डोळेही नीट न उघडलेली पिल्ले सोडून येणारी माणसे कोणी परकी नसतात. ती तुमच्या-आमच्यातली असतात आणि बहुधा 'मांजराला कोंडणे पाप' असे म्हणणाऱ्या तटातलीच असतात. "कोणीतरी खायला घालील" असे म्हणून ती मनाची समजूत घालतात. हे 'कोणीतरी' म्हणजे नेमके कोण? ते कावळे असतात, भटकी कुत्री असतात किंवा आपल्या तुटपुंज्या पेन्शनीतून दूध विकत आणणारी एखादी वृद्ध बाई असते. आपण टाकलेले ओझे तिच्या डोक्यावर जाते आणि वर तिलाच लोक 'मांजरवाली' म्हणून हिणवतात.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० पासून आहे. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा त्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये! कायद्याने लावलेली ही किंमत हास्यास्पद आहे खरी. पण दंड पन्नास रुपयांचा आहे म्हणून कृत्यही पन्नास रुपयांचेच ठरत नाही.

पाखरांची बाजू

या वादात आणखी एक पक्ष आहे, ज्याला सभेत कोणी बोलावत नाही. परसातल्या झुडपात दोन पाने शिवून घरटे करणारा शिंपी, दयाळ, बुलबुल, शिंजीर, शिवाय खार आणि सरडा यांनीही या जमिनीचा आसरा घेतला आहे. पोट भरलेले मांजर शिकार करत नाही, ही समजूत चुकीची आहे. भूक आणि शिकारीची ऊर्मी या त्याच्या ठायी वेगळ्या गोष्टी आहेत.

न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ साली दीपगृह सुरू झाले आणि माणसांबरोबर मांजरे आली. जगात केवळ त्याच बेटावर उरलेला, उडता न येणारा एक चिमुकला पक्षी त्यानंतर अवघ्या काही वर्षांत नामशेष झाला. अमेरिकेत मोकळी मांजरे दरवर्षी निदान १३० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज तेथील संशोधकांनी २०१३ साली मांडला. त्यातील मोठा वाटा बेवारशी मांजरांचा आहे, हेही त्यांनी सांगितले. जर्मनीतील वाल्डॉर्फ या गावात तुरेवाल्या चंडोलाची मोजकीच जोडपी उरली, तेव्हा २०२२ साली प्रशासनाने पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात, ऑगस्टअखेरपर्यंत, मांजरे घरात ठेवण्याचा आदेश दिला. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथे १ जुलै २०२२ नंतर जन्मलेल्या मांजरांना मालकाच्या आवारातच ठेवण्याचे बंधन आहे.

हे सारे परदेशातले आहे आणि ते आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्याकडची पाखरे प्रथम माणसाने हुसकावली. बावखले बुजवली, चिंचा-आंबे तोडले, बांध सपाट केले, त्यात मांजराचा हात नव्हता. परंतु ज्याचे घर आपण आधीच अर्धे पाडले आहे, त्याच्या उरलेल्या अर्ध्या घरात आपले मांजर सोडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

यावर कोणी म्हणेल, "मग उंदरांचे काय?" उंदीर ही खरीच पीडा आहे. लेप्टोस्पायरोसिसचे नाव मुंबईच्या परिसरात कोणाला सांगावे लागत नाही. २००५ च्या महापुरानंतर त्याने घेतलेले बळी अनेकांच्या स्मरणात असतील. पण मोठ्या घुशी-उंदरांवर मोकळे मांजर हा उपाय आहे काय? न्यूयॉर्कमधील एका कचरा-प्रक्रिया केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून उंदीर आणि मांजरे यांच्यावर नजर ठेवली. तेवढ्या काळात मांजरांनी मारलेले उंदीर दिसले ते केवळ दोन. मांजरांच्या भीतीने उंदीर लपून राहिले, एवढेच. ही पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. मांजराला पाखरू सोपे असते, घूस अवघड. उंदीर कमी करायचे असतील तर उघडी गटारे आणि कचऱ्याचे ढीग आवरावे लागतील. ते काम मांजराचे नाही.

कोंडणे आणि सांभाळणे

आता समोरच्या पक्षाच्या सर्वांत बलवान मुद्द्याकडे वळू. मांजर हा हिंडणारा, चढणारा, टेहळणी करणारा प्राणी आहे. त्याला दोन खोल्यांत डांबणे ही क्रूरताच नव्हे काय? ब्रिटनमध्ये मांजराला बाहेर जाऊ देणे हीच आजही सर्वमान्य रीत आहे आणि तेथील लोक मांजरांवर कमी प्रेम करतात असे कोणी म्हणणार नाही.

हा आक्षेप गंभीर आहे. त्याला माझे उत्तर असे की, रिकाम्या खोलीत कडी लावून ठेवलेल्या मांजराची बाजू मी घेत नाही. तसे करणे क्रूरताच आहे. ब्रिटनमधील बहुतांश पाळीव मांजरांची नसबंदी झालेली असते, हा फरकही विसरता कामा नये; आपण त्यांचे उघडे दार तेवढे उचलायचे आणि नसबंदी सोडून द्यायची, हा न्याय नव्हे. घरात ठेवलेल्या मांजराला घरात जगता आले पाहिजे आणि त्यासाठी माणसाला थोडे राबावे लागते.

काय राबावे लागते, तेही सांगतो. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी करावी. मग मादीचे रात्रीचे ओरडणे आणि बोक्याची दारावर धडका देण्याची ओढ बहुतांशी थांबते. घरातले मांजर 'बाहेर जायला तडफडते' असे जे आपण म्हणतो, त्यातले बरेचसे याच ओढीचे असते. खिडक्यांना आणि बाल्कनीला पक्की जाळी लावावी. कबुतरांना बाहेर ठेवण्यासाठी आपण हजारो रुपये खर्चून जाळ्या लावतोच. मांजरासाठी ती जरा अधिक मजबूत हवी. मांजर नेहमी चार पायांवर पडते आणि त्याला काही होत नाही, यावर विसंबू नये. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत केवळ पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद होती. त्यांतली सुमारे नव्वद टक्के वाचली. पण ती उपचार मिळाले म्हणून, आणि अनेकांची छाती वा जबडा दुखावलेला होता.

खिडकीशी बसायला एक फळी, चढायला कपाटाचा माथा, नखे घासायला काथ्या गुंडाळलेला खांब आणि लपायला पुठ्ठ्याचे खोके, एवढ्याने मांजराचे जग बरेच मोठे होते. गावी घर असेल तर पडवी किंवा ओट्याचा कोपरा जाळीने बंद करून द्यावा. ऊन, वारा आणि पाखरांचे दर्शन तिघांचाही लाभ त्याला होईल. रोज त्याच्याशी खेळावे. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात असे दिसले की, रोज पाच-दहा मिनिटे दोरीला बांधलेल्या पिसाशी खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीचे प्रमाण चतुर्थांशाने कमी झाले. भरपूर मांस असलेला चांगला आहार दिला, तर ते ३६ टक्क्यांनी घटले. गळ्यात बांधलेल्या घंटेचा मात्र लक्षणीय उपयोग दिसला नाही. उंदरांनी उगाच इतकी वर्षे त्या घंटेची चिंता वाहिली!

आहाराविषयीही आपल्याकडे गैरसमज आहे. दूध-भात आणि दूध-चपाती हे मांजराचे अन्न नव्हे. मोठ्या मांजरांतील बहुतेकांना दूध पचत नाही. टॉरिन नावाचे द्रव्य त्यांना मांस-मासळीतूनच मिळवावे लागते. ते कमी पडले तर डोळे आणि हृदय बिघडतात. दूध-भातावर ठेवलेले मांजर शेजारच्या ओट्यावरचे मासे पळवते, तेव्हा दोष मांजराचा नसतो. घरही आपोआप सुरक्षित होत नाही. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते आणि वेदीसाठी आणलेल्या पांढऱ्या लिलीची पाने किंवा पराग पोटात गेले, तरी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

भीती आणि खर्च

घरात गर्भवती स्त्री आली की पुष्कळदा मांजराची रवानगी रस्त्यावर होते. मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती निराधार नाही. पण हा परजीवी मांजराच्या पोटात जातो तो मुख्यतः कच्चे मांस, उंदीर आणि पाखरे यांच्यामार्फत. विष्ठेतून बाहेर पडल्यावरही तो संसर्गक्षम व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणजे शिजवलेले अन्न खाणारे, घरातच राहणारे आणि ज्याचे वाळूचे भांडे दुसरे कोणीतरी रोज साफ करते, असे मांजर कमी धोक्याचे. अधिक धोका आहे तो न धुतलेल्या भाजीचा, अर्धकच्च्या मांसाचा आणि ज्या वाफ्यात भटकी मांजरे घाण करतात तेथल्या मातीचा. रेबीजचेही तसेच. बाहेर हिंडणाऱ्या मांजराला पिसाळलेले जनावर चावण्याची शक्यता राहते. मांजर घरात असले तरी त्याला लस द्यावीच. आणि कोणतेही मांजर चावले वा त्याने ओरखडले, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

काही वाचकांना वाटेल, माणसांना अन्न मिळत नाही तेथे मांजराच्या नसबंदीवर पैसे खर्च करणे ही चैन नव्हे काय? कॅथलिक कॅटेकिझमनेही, माणसाच्या दुःखनिवारणाला जो पैसा आधी लागला पाहिजे तो जनावरांवर उधळू नये, असे बजावले आहे. ते अगदी योग्य आहे. पण त्याच कलमात, विनाकारण जनावरांचे हाल करणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही, हेही सांगितले आहे. ही दोन वाक्ये एकत्र वाचली तर अर्थ स्पष्ट आहे. मांजराचा वाढदिवस साजरा करणे ही चैन आहे. आपण घरी आणलेल्या जिवाच्या पिल्लांना पोत्यात जाण्यापासून वाचवणे हे कर्तव्य आहे. खर्च परवडत नसेल तर मांजर न आणण्याचा मार्ग मोकळा आहे आणि त्यात काही कमीपणा नाही.

रस्त्यावर जन्मलेल्या मांजरांचा प्रश्न वेगळा आहे. माणसाला बुजणारे मोठे मांजर पकडून घरात कोंडले, तर त्याचे हालच होतील. त्याची नसबंदी करून, लस देऊन त्याच जागी सोडणे हाच तेथे शहाणपणाचा मार्ग. आजवर मोकळे हिंडलेले आपले मांजरही एका दिवसात घरकोंबडे होणार नाही. प्रथम रात्री आत, मग पहाटे आणि तिन्हीसांजेला आत, असे आठवड्यांच्या हिशेबाने त्याला वळवावे लागेल. पहिले काही दिवस ते दाराशी ओरडेल. ते ओरडणे सोसण्याची तयारी हवी.

मांजर आणण्यापूर्वी प्रत्येक घराने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. त्याची नसबंदी आणि लस यांचा खर्च कोण करील? त्याचे वाळूचे भांडे रोज कोण साफ करील? मुलांचा हट्ट ओसरल्यानंतर पुढची बारा-पंधरा वर्षे ते कोणाचे असेल? या तिन्ही प्रश्नांना घरातल्या माणसांची नावे उत्तरादाखल मिळाली, तर मांजर जरूर आणावे, ते घरात ठेवावे आणि खिडकीला जाळी लावावी. नावे मिळाली नाहीत आणि 'बघू, येईल-जाईल' एवढेच उत्तर आले, तर पिल्लू आणू नये. मुलांनी कितीही हट्ट धरला तरी आणू नये.